मिक्स्ड मीडिया गिफ्ट टॅग: स्टेन्सिलखाली पसरणारा रंग, वाकणारा कागद आणि सुटणारी कागदी फुले

रंगपेटी (मूळ प्रश्न)

नमस्कार. भेटवस्तूला बांधायचे टॅग मिक्स्ड मीडिया पद्धतीने करण्याचा माझा सराव सध्या सुरू आहे. छापील कागदाचे कपटे, ॲक्रिलिक रंग, स्टेन्सिलची (नक्षी कोरलेल्या पातळ साच्याची) नक्षी, टेक्स्चर पेस्टचा (वाळल्यावर उंचवटा ठेवणाऱ्या दाट लेपाचा) उठाव आणि त्यावर हाताने केलेली कागदी फुले, हे सगळे एकाच टॅगवर आणायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. टॅगचा आकार ६ बाय १२ सेंटिमीटर असून त्यासाठी २२० जीएसएमचा (चौरस मीटरमागे २२० ग्रॅम वजनाचा) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, वापरते. आधी कपटे चिकटवून त्यांवर जेसोचा (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) एक हात द्यायचा, तो वाळल्यावर एका स्टेन्सिलमधून रंग व दुसऱ्या स्टेन्सिलमधून पेस्ट लावायची आणि शेवटी खालच्या भागात फुले बसवायची, हा माझा सध्याचा क्रम आहे.

तीन अडचणी पुन्हा पुन्हा समोर येतात. स्टेन्सिल उचलल्यावर नक्षीच्या कडा स्वच्छ दिसत नाहीत, कारण रंग स्टेन्सिलच्या खाली शिरलेला असतो. टॅग वाळला की त्याच्या लांब कडा वर उचलल्या जातात आणि वजनाखाली ठेवूनही तो पुरता सपाट होत नाही. फुले सुरुवातीला घट्ट बसलेली वाटतात, पण टॅग दोनचार वेळा हाताळला की सुटून येतात किंवा चेपतात. यांपैकी कोणती अडचण साहित्यामुळे येते आणि कोणती क्रमामुळे, हे मला समजून घ्यायचे आहे. उपायाबरोबर कारणही सांगितलेत तर विशेष उपयोग होईल, कारण कारण कळले की निराळ्या कागदावर किंवा निराळ्या रंगातही ते लागू करता येते.

शाईदौत

तुमच्या पहिल्या अडचणीपुरते उत्तर देतो, कारण माझे बहुतेक काम स्टेन्सिलचेच आहे.

स्टेन्सिल कागदावर कितीही घट्ट दाबली, तरी दोघांच्या मध्ये अतिशय अरुंद फट उरतेच. पातळ द्रव अशा फटीत आपोआप ओढला जातो. टिपकागद शाई शोषतो त्यामागेही हेच केशाकर्षण असते. म्हणजे रंग बाहेर पसरण्यासाठी तो ढकलला जावा लागतो असे नाही, तो पुरेसा ओला असला की तेवढे पुरते. त्यामुळे पहिला उपाय हातातल्या जोराचा नसून रंगातल्या पाण्याचा आहे. स्टेन्सिलसाठी ॲक्रिलिक रंग ट्यूबमधून येतो तसाच दाट वापरावा आणि तो सैल करायचाच असेल तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेले ॲक्रिलिक बंधक) मिसळावे. सपाट टोकाचा, आखूड आणि ताठ केसांचा ब्रश रंगात टेकवल्यानंतर तो टिश्यू पेपरवर इतका टिपून घ्यावा की कागदावर टेकवल्यास केवळ पुसट ठसा उमटेल. मग ब्रश उभा धरून टिपकत जावे. ब्रश आडवा ओढला की त्याचे केस नक्षीच्या काठाखाली घुसतात आणि रंगही सोबत नेतात. एका हातात गडद छटा मिळवण्याचा मोह टाळावा. पुसट असे दोन-तीन हात दिले की कडा तर धारदार राहतेच, शिवाय मध्यापासून काठाकडे छटा बदलत नेण्याची सोयही होते.

दुसरे कारण तुमच्या जेसोमध्ये असण्याची शक्यता मला अधिक वाटते. जेसो म्हणजे ॲक्रिलिक बंधक, कॅल्शियम कार्बोनेट आणि पांढरे रंगद्रव्य. तो ब्रशने दिला की वाळल्यावर ब्रशच्या केसांच्या बारीक चऱ्या राहतात आणि त्यावर स्टेन्सिल ठेवली की या चऱ्या रंगाला खालून वाट करून देतात. कपट्यांच्या कडांचे उंचवटे असतील तर तेथेही स्टेन्सिल अधांतरी राहते. म्हणून जेसो जुन्या प्लास्टिक कार्डाने पातळ ओढून लावावा, पूर्ण वाळू द्यावा आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून घ्यावा. घासल्यानंतरची भुकटी कोरड्या ब्रशने झटकणे आवश्यक आहे, अन्यथा वरचा रंग तिलाच चिकटून पापुद्र्यासारखा निघतो.

जिथे नक्षी अतिशय बारीक आहे आणि कडा तडजोडीविना हवी आहे, तिथे आणखी एक युक्ती कामी येते. स्टेन्सिल मास्किंग टेपने पक्की करून आधी रंगहीन मॅट मीडियम त्याच कोरड्या ब्रशने टिपकावे. जे काही फटीत शिरायचे ते हे पारदर्शक मीडियम शिरते आणि वाळून फट बुजवते. त्यानंतरचा रंग तिथेच थांबतो. फक्त स्टेन्सिल मध्ये उचलू नये आणि काम झाल्यावर फार वेळ तशीच ठेवू नये, नाहीतर ती चिकटून बसते.

शाईचा फवारा वापरणार असाल तर हे सगळे थोडे बदलते, कारण फवाऱ्यात पाणी असणारच. बाटली २५ ते ३० सेंटिमीटर दूर धरावी, एकच हलका फवारा मारावा आणि स्टेन्सिलवर साचलेले थेंब ती उचलण्यापूर्वी टिश्यूने टिपून घ्यावेत. मात्र दुसरा टॅग शेजारी तयार असेल तर हे थेंब टिपू नका: ओली स्टेन्सिल पालथी करून त्यावर दाबली की नक्षीचा उलटा, पुसट ठसा मिळतो. मला मूळ नक्षीपेक्षाही हे ठसे अधिक आवडतात, कारण फुलाच्या मागे असेच काहीतरी अर्धवट दिसणारे हवे असते.

कात्रण

कागदाच्या वाकण्याविषयी लिहिते. या प्रश्नावर बहुधा 'जाड कागद घ्या' एवढेच सांगितले जाते. ते चुकीचे नाही, परंतु त्यातून कागद का वाकतो हे कळत नाही.

कागदातील तंतू पाणी शोषून फुगतात, पण सगळ्या दिशांनी सारखे नव्हे: लांबीच्या मानाने ते जाडीत कितीतरी अधिक फुगतात. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुसंख्य तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने लागलेले असतात. यालाच आपण कागदाची वीण किंवा ग्रेन म्हणतो. परिणामी असा कागद ओला झाला की विणीच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो. तुम्ही टॅगच्या एकाच बाजूला जेसो देता, तेव्हा ती बाजू आधी पसरते आणि टॅग मागच्या बाजूला वाकतो. पुढे पाणी उडून जाते, ॲक्रिलिकचा थर वाळताना आकसतो आणि आता कार्डाला आपल्याकडे ओढू लागतो. तुमच्या टॅगच्या कडा वर येतात त्या या दुसऱ्या टप्प्यात. वजनाखाली ठेवल्याने कागदातील ओल समान होते हे खरे, पण वरच्या थराची ओढ संपत नाही. वजन काढले की काही वेळाने ती पुन्हा दिसू लागते.

म्हणून उपाय असा की जेवढी ओढ समोरून आहे, तेवढीच मागूनही असावी. समोर जेसो दिल्यावर मागच्या बाजूलाही त्याच जाडीचा जेसोचा किंवा मॅट मीडियमचा हात द्यावा आणि दोन्ही बाजू स्पर्शाला कोरड्या झाल्या की सिलिकॉनचा लेप असलेल्या बेकिंग पेपरच्या दोन तावांमध्ये टॅग ठेवून वर वजन ठेवावे. साधा कागद मध्ये घालू नये, तो चिकटतो.

टॅग कापतानाही विणीचा विचार करावा. कार्डाचा ताव दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो कमी विरोध करतो, त्या वळणाच्या घडीच्या रेषेला समांतर वीण असते. टॅगची लांब बाजू विणीला समांतर ठेवली तर पसरण्याची मुख्य दिशा ६ सेंटिमीटरच्या रुंदीत येते, १२ सेंटिमीटरच्या लांबीत येत नाही, आणि लटकवलेला टॅग लांबीत ताठ राहतो. एका तावातून जास्तीत जास्त टॅग बसवण्यासाठी काही आडवे कापले जातात, तेव्हा एकाच तावातले काही टॅग सपाट राहतात आणि काही वाकतात याचे कारण इथे सापडते.

कागदाच्या वजनाबद्दल माझे मत तुमच्या निवडीपेक्षा थोडे निराळे आहे. २२० जीएसएम हे एखाद्या शाईच्या थरासाठी ठीक आहे. जेसो, रंग आणि पेस्ट असे तिन्ही येणार असतील तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्यावा. तो जलरंगासाठीच तयार केलेला असल्यामुळे त्यात जिलेटिन किंवा तत्सम साइझिंग (पाणी शोषणे कमी करणारा पदार्थ) असते आणि पाणी एकदम आत शिरत नाही. तो मिळत नसेल तर पातळ कार्डाचे दोन तुकडे, दोन्हींची वीण एकाच दिशेला ठेवून, पांढऱ्या गोंदाच्या अगदी पातळ थराने एकमेकांवर चिकटवावेत आणि रात्रभर दाबून ठेवावेत. हातकागदाचा टॅग करायचा असेल तर तो प्रश्न वेगळा आहे: साच्यावर लगदा हलवून पसरल्यामुळे त्यातील तंतू सगळ्या दिशांना गेलेले असतात, त्याला ठळक वीण नसते आणि तो एका दिशेने वाकतही नाही. पण साइझिंग नसलेला हातकागद रंग ओढून घेतो आणि स्टेन्सिलची कडा त्यावर कधीच स्वच्छ येत नाही. त्याला आधी मॅट मीडियमचा हात द्यावाच लागतो.

पाकळी

फुलांविषयी मला पुष्कळ सांगायचे आहे, त्यामुळे उत्तर थोडे मोठे होईल.

सर्वप्रथम, फुले का सुटतात ते पाहू. तुमच्या क्रमानुसार फुले पेस्टनंतर येतात. पेस्टने उठावाची नक्षी तयार होते आणि फुलाचा तळ तिच्या उंचवट्यांवर टेकतो. मधल्या सगळ्या जागा पोकळ राहतात. म्हणजे गोंद तळाला सगळीकडे लावला तरी प्रत्यक्षात पकड काही ठिपक्यांपुरतीच मिळते. यासाठी फुलाची बैठक आधीच ठरवावी. पेस्ट लावण्यापूर्वी जिथे फूल येणार आहे तिथे साधारण दीड सेंटिमीटर व्यासाचा मास्किंग टेपचा गोल तुकडा लावावा, पेस्ट लावावी, आणि पेस्ट ओली असतानाच तो काढून घ्यावा. नक्षी फुलाच्या काठाखालून बाहेर आल्यासारखी दिसते आणि फुलाला बसायला सपाट जागा राहते.

दुसरी गोष्ट गोंदाची. ग्लू गनचा गोंद पटकन धरतो म्हणून तो लोकप्रिय आहे, पण ॲक्रिलिकच्या गुळगुळीत थरावर तो नुसता वर बसतो, आत मुरत नाही. थंडीत तो ठिसूळ होऊन एका तुकड्यात सुटतो आणि उन्हात ठेवलेल्या वस्तूवर मऊ पडतो. सच्छिद्र, न रंगवलेल्या कागदावर त्याला माझी हरकत नाही. रंगवलेल्या टॅगवर मात्र दाट मॅट जेल मीडियम किंवा पांढरा गोंद वापरावा. दोन्ही सावकाश वाळतात, म्हणून फूल बसवल्यावर चिमट्याने मध्यभागी काही क्षण दाबून टॅग आडवाच ठेवावा. आणि ज्या टॅगची बरीच हाताळणी होणार आहे, त्यावर मी गोंदाच्या भरवशावर राहत नाही. बैठकीच्या मध्यावर दाभणाने तीन मिलिमीटर अंतरावर दोन छिद्रे पाडते, फुलाच्या मध्यातून दोरा ओवून मागे गाठ मारते आणि मगच गोंदाने तळ चिकटवते. दोऱ्याची टोके पुढच्या बाजूला काढून थोडी पिंजली तर तेच पुंकेसर होतात.

आता फुलांचा कागद. मशीनवर केलेला जाड कार्डस्टॉक पाकळीसाठी घेऊ नये. वळण देताना त्याचा पृष्ठभाग तडकतो आणि आतला पांढरा गाभा दिसतो. ८० ते १२० जीएसएमचा सुती चिंध्यांचा हातकागद मला सर्वांत योग्य वाटतो, कारण वर म्हटल्याप्रमाणे त्याला वीण नसल्याने पाकळी कोणत्याही बाजूला सारखीच वळते. साधा यंत्राचा कागद घेतल्यास, पाकळीचे टोक मागे वळवायचे असेल तर वीण पाकळीच्या रुंदीला समांतर हवी, नाहीतर टोक वळण्याऐवजी मोडते. मलबेरी कागदाचे तंतू लांब असतात. त्यावर ओल्या ब्रशने रेघ ओढून रेघेवर हलकेच फाडले की कडेला तंतूंची मऊ झालर राहते. कात्रीने ती मिळत नाही. क्रेप आणि रंगीत टिश्यू पेपर सुंदर ताणले जातात, परंतु त्यांचा रंग ओलाव्याने सुटतो आणि गोंदातील पाणीही त्यासाठी पुरेसे असते. फिक्या टॅगवर ते वापरण्यापूर्वी एका कपट्यावर अवश्य पडताळून पाहावे.

६ सेंटिमीटर रुंदीच्या टॅगवर ३ सेंटिमीटरपेक्षा मोठे फूल घालू नये. पाच पाकळ्यांचे तीन आकार कापावेत: ३, सव्वादोन आणि दीड सेंटिमीटर. त्यांवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून ते फोमच्या जाड तुकड्यावर ठेवावेत. बॉल टूलने (टोकाला गोळी असलेल्या दांडीने) समोरून मध्यभागी गोल गोल दाबले की फुलाला वाटीसारखी खोली येते; मग फूल पालथे करून प्रत्येक पाकळीच्या टोकाजवळ दाबले की टोके बाहेर झुकतात. हे दोन दाब विरुद्ध बाजूंनी द्यायचे असतात, आणि फूल जिवंत वाटते ते या दुहेरी वळणामुळे. थर एकावर एक लावताना वरची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये येईल असे फिरवून बसवावे. तळाला पातळ कार्डाची चकती लावावी, म्हणजे गोंद पाकळ्यांपर्यंत जात नाही.

गुलाबासाठी ८ सेंटिमीटरचे वर्तुळ घेऊन ते बाहेरून आत एक ते दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत नागमोडी कडेने कापत न्यावे आणि मध्यभागी छोटी चकती राखावी. पट्टी बाहेरच्या टोकाकडून क्विलिंगच्या (कागदी पट्ट्या गुंडाळण्याच्या) सुईवर गुंडाळायची, सुई काढून घडी हवी तेवढी सैल होऊ द्यायची आणि राखलेल्या चकतीवर गोंद लावून फूल तिच्यावर टेकवायचे. बाहेरून सुरुवात करणे महत्त्वाचे आहे. आतून गुंडाळल्यास चकती मध्ये अडकते आणि फुलाला तळ उरत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी शेवटी सांगते. टॅग आणि फूल वेगवेगळे तयार करून अखेरीस एकत्र आणले की फूल परके दिसते, मग ते कितीही नाजूक केलेले असो. त्यामुळे टॅगवर रंग लावताना शेजारी फुलांच्या कागदाचा तुकडाही ठेवावा. ब्रश टिपून घेण्यासाठी टिश्यूऐवजी याच कागदाचा उपयोग करावा, तीच स्टेन्सिल एका कोपऱ्यात त्यावरही उमटवावी, उरलेल्या शाईचा हात त्यावर फिरवावा. मागची बाजूही रंगवावी, कारण पाकळी वळली की मागचा भाग दिसतोच. हा कागद वाळल्यावर त्यातून पाकळ्या कापल्या तर स्टेन्सिलच्या नक्षीचे तुकडे पाकळ्यांवर येतात आणि फूल त्याच पार्श्वभूमीतून उगवल्यासारखे वाटते. वेगळा रंग निवडण्याची, जुळवण्याची गरजच राहत नाही.

चेपण्याबाबत: फुलाची उंची एक सेंटिमीटरच्या आत ठेवा. वळण दिल्यानंतर एक भाग पांढरा गोंद आणि तीन भाग पाणी असे मिश्रण पाकळ्यांच्या मागून लावून वाळवले तर त्या ताठ राहतात.

रंगपेटी

आपण तिघांनी ज्या आस्थेने लिहिले आहे त्याबद्दल मनापासून आभार. एकाच कागदातून टॅगची पार्श्वभूमी आणि पाकळ्या दोन्ही काढण्याची कल्पना मला फार मोलाची वाटते.

आता दोन उपप्रश्न आहेत. पेस्ट रंगाच्या आधी लावावी की नंतर? आणि नाव कुठे लिहावे? समोर फुले आणि उठाव असल्याने जागा उरत नाही. मागे लिहावे तर कात्रण यांनी सांगितल्याप्रमाणे मागेही जेसो किंवा मीडियम येते आणि त्यावर माझी पिगमेंट शाईची बारीक पेने अडखळतात. शिवाय पाकळी यांच्या पद्धतीने फूल शिवले तर मागे गाठही दिसणार.

शाईदौत

पेस्ट आधी की नंतर, हे तुम्हाला तिचे काय करायचे आहे यावर ठरते. पांढरी पेस्ट आधी लावून ती वाळल्यावर वरून पातळ केलेला रंग फिरवला, तर तो उंचवट्यांवरून घसरून त्यांच्या पायथ्याशी साचतो आणि नक्षीला खोली येते. रंग आधी आणि पेस्ट नंतर ठेवली, तर पेस्ट स्वच्छ पांढरी राहते आणि ठळकपणे वेगळी दिसते. फुले फिकी असतील तर मी पहिला मार्ग घेतो, कारण फिक्या फुलाच्या शेजारी शुभ्र उठाव आला की दोघांत स्पर्धा होते. तिसरा मार्ग म्हणजे पेस्टमध्येच थोडा ॲक्रिलिक रंग मिसळणे. पार्श्वभूमीपेक्षा एकच छटा गडद पेस्ट केली की उठाव डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक जाणवतो, आणि हातात घ्यायच्या वस्तूसाठी हे मला योग्य वाटते.

पेस्ट लावताना पॅलेट नाइफ जवळजवळ आडवी धरावी आणि एक-दोन हातांत काम संपवावे. उठावाची उंची स्टेन्सिलच्या जाडीइतकीच येते. नेहमीच्या मायलरच्या (पातळ प्लास्टिकच्या) स्टेन्सिली साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर जाड असतात. त्यामुळे अधिक पेस्ट थापून उंची वाढत नाही, नुसत्या कडा बिघडतात. स्टेन्सिल एका बाजूने टेपने पक्की ठेवून दाराच्या बिजागरीसारखी उचलावी आणि लगेच पाण्यात टाकावी. पेस्ट हीट गनने वाळवण्याची घाई करू नये: वरची साय आधी धरते, आतले पाणी वाफ होऊन फुगे आणते. पांढरा रंग, पांढरा गोंद आणि खडूची किंवा टाल्कची भुकटी एकत्र मळून पेस्ट घरीही करता येते, पण भुकटी जास्त झाली तर ती वाळताना भेगाळते आणि बोटाला पूड लागते.

सुईदोरा

मागच्या बाजूचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, कारण त्यात तीन गरजा एकत्र आल्या आहेत: ओढ समान करणे, गाठ झाकणे आणि लिहिण्यासाठी जागा ठेवणे. या तिन्हींसाठी एकच गोष्ट पुरेशी आहे. मागे जेसो देऊच नका. समोरचे सगळे काम आणि फुलाची शिवण पूर्ण झाल्यावर टॅगच्याच आकाराचा, न रंगवलेला १०० ते १२० जीएसएमचा कागद पांढऱ्या गोंदाने मागे चिकटवा, त्याची वीण टॅगच्या विणीला समांतर ठेवा. हा कागद गोंदातील ओलाव्याने पसरतो आणि वाळताना आकसतो, म्हणजे समोरच्या थराप्रमाणेच तोही ओढतो, पण विरुद्ध बाजूने. गाठ त्याच्याखाली जाते, आणि कोऱ्या कागदावर कोणतेही पेन चालते. गाठीचा उंचवटा जाणवू नये म्हणून ती बोन फोल्डरने (कागद दाबायच्या बोथट पट्टीने) आधी दाबून चपटी करावी. फुले आता वर असल्याने टॅग वजनाखाली ठेवता येत नाही. त्याऐवजी तो फोमच्या तुकड्यावर पालथा ठेवावा, फुलांच्या जागी फोम कापून खळगा करावा आणि मग मागून वजन द्यावे.

समोरच नाव हवे असेल तर ते टॅगवर न लिहिता कोऱ्या कागदाच्या अरुंद पट्टीवर लिहावे आणि पट्टीचे एक टोक फुलाखाली सरकवून चिकटवावे. लिहिताना अक्षर बिघडले तर पट्टी बदलता येते, टॅग बदलावा लागत नाही. ॲक्रिलिकवर थेट लिहायचेच असेल तर पेंट मार्कर वापरावा. पिगमेंट शाईच्या पेनांची टोके ॲक्रिलिकच्या थराने खरोखरच बुजतात.

दोऱ्याविषयी कोणीच लिहिलेले नाही म्हणून थोडे सांगते. छिद्र चार-पाच मिलिमीटरचे असावे आणि वरच्या कडेपासून किमान ८ मिलिमीटर खाली असावे, नाहीतर ओढ बसल्यावर कागद फाटतो. आयलेट (छिद्राभोवती बसवायची धातूची कडी) बसवणार असाल तर ते पेस्टच्या उठावावर न बसवता सपाट भागावर बसवा. फूल एका कोपऱ्यात असले की लटकलेला टॅग त्या बाजूला कलतो. टॅग बांधण्यापूर्वी दोऱ्याला धरून हवेत सोडून पाहावा. कलत असेल तर फूल मध्यरेषेकडे सरकवावे किंवा विरुद्ध बाजूला दोन पाने वाढवावीत. म्हणून हे पाहणे गोंद लावण्यापूर्वी, फूल टाचणीने तात्पुरते टोचून करावे.

कात्रण

सुईदोरा यांची मागे कागद लावण्याची पद्धत माझ्या उपायापेक्षा सरस आहे आणि यापुढे मीही तीच वापरेन. त्यात एवढीच भर घालते की मागचा कागद टॅगपेक्षा चारही बाजूंनी दोन मिलिमीटर मोठा कापावा आणि वाळल्यावर टॅगच्या कडेने छाटावा. नेमका त्याच आकाराचा कापला तर गोंदाने ओला झाल्यावर तो पसरतो आणि कडा जुळत नाहीत.

साठवणीबाबतही एक सूचना. ॲक्रिलिकचा थर पूर्ण वाळल्यानंतरही उष्णतेने किंचित मऊ होतो, त्यामुळे दोन रंगवलेले पृष्ठभाग दाबून ठेवले की ते एकमेकांना चिकटतात. चकचकीत मीडियममध्ये हा दोष अधिक असतो आणि मॅटमध्ये कमी. फुले असलेले टॅग तर एकावर एक रचूच नयेत. खोक्याच्या दोन बाजूंना समोरासमोर छिद्रे पाडून त्यांतून एक काडी आरपार घालावी आणि टॅग त्यांच्याच दोऱ्यांनी तिच्यावर ओळीने अडकवावेत. दोन टॅगमध्ये फुलाच्या उंचीपेक्षा थोडे अधिक अंतर राहील अशा बेताने काडीवर कागदाची गुंडाळी चिकटवली की खोके हलवले तरी ते एकमेकांवर आपटत नाहीत.